बियाचा दोडका

आमच्या घरामागचं माळवं माझं नव्हतं, हे आधी सांगून टाकते. ते माझ्या थोरल्या जावेनं लावलेलं होतं. आज गावात कुणालाही विचारलं तर माझ्याकडं बोट दाखवतील, कारण मी अंगणवाडीत आहे आणि परसबाग कशी करायची हे बायांना मीच सांगत असते. त्यांचा समज मी कधी दुरुस्त केला नाही.

वडवणीच्या पुढं फाट्यावर उतरलं की वीसेक मिनिटं चालून आमचं घर लागतं. मागं दोन बैलगाड्या उभ्या राहतील एवढी जागा. एका अंगाला शेजाऱ्याची भिंत, बाकी बाभळीच्या काट्यांचं कुंपण. न्हाणीचं सांडपाणी एका नालीतून तिथं जायचं. आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, तेव्हा अंघोळीचं आणि धुण्याचं पाणी हाच त्या माळव्याचा आधार होता. त्यावर जाऊ वांगी, मिरच्या, मेथी, शेपू, चवळी आणि कुंपणावर दोडका करायची. एवढ्याशा जागेत ती इतकं कसं बसवते याचं शेजारच्या बायांना नवल वाटायचं.

मी गेवराईची. माझ्या वडलांची पिठाची गिरणी होती, भाजी आम्ही बाजारातून आणायचो. रोप आणि गवत यातला फरक मला कळत नव्हता. लग्न होऊन महिना झाला असेल, सासूनं मला मेथीच्या वाफ्यातलं गवत काढायला सांगितलं. मेथीच्या कडेला जावेनं मिरचीचं रोप टाकलं होतं. बोटभर वाढलेलं. मी ते सगळं गवत म्हणून उपटलं आणि ढीग करून कुंपणापाशी ठेवला. काम लवकर उरकलं म्हणून मनातल्या मनात खूशही होते.

संध्याकाळी जेवायला बसलो. सासूनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि भाजीच्या जागी ती सुकलेली रोपं मुळांच्या मातीसकट ठेवली.

"खा," ती म्हणाली. "तूच काढलीस, तूच खा."

नवरा खाली मान घालून जेवत राहिला. थोरले दीर हसले. जाऊ चुलीपाशी बसली होती, तिलाही हसू आलं. तिनं पदर तोंडाला लावला, पण मला दिसलं. नंतर तिनं ताटातली ती रोपं उचलून नेली, पाण्यात ठेवली, सकाळी परत लावली, आणि त्यातली निम्मी जगलीही. मला ते जगणं दिसत होतं, पण मनात राहिलं ते तिचं हसणं. सासू तर काय, तिचा स्वभावच तसा होता, तिचं मला एवढं लागलं नाही. जावेचं लागलं.

पुढच्या दोन-तीन वर्षांत मीही हात लावून पाहिला. मी लावलेली भेंडी पिवळी पडून गेली. काळजी म्हणून जास्त पाणी घातलं तर वांग्याची फुलं गळाली. चवळीवर मावा पडला आणि मला तो मुंग्यांचा त्रास वाटला. जावेच्या वांग्याला मात्र पानाआड फळं लटकत असायची. सासू आल्यागेल्यासमोर म्हणायची, "थोरलीच्या हाताला गुण हाय. धाकटीनं हात लावला की जळतंय."

थोरले दीर आणि जाऊ दरवर्षी दिवाळी झाली की ऊस तोडायला कोल्हापूरकडं जायचे. एका कोयत्याला नवरा-बायको दोघं लागतात, त्यामुळं तिला घरी राहण्याची सोय नव्हती. त्यांच्या दोन मुली माझ्याकडं असायच्या. मोठी तेव्हा चौथीत होती, धाकटी पहिलीत. जायच्या आधी जाऊ सगळं लावून जायची. अंगठ्यानं मातीत खड्डा करायची, बी टाकायची, तळहातानं दाबायची. मग मला एकेक सांगायची: हे आठवड्यानं खुडायचं, याला राख मारायची, इथं पाणी साचू द्यायचं नाही. मी हो हो म्हणायचे. ती ट्रॅक्टरमध्ये बसून गेली की महिन्याभरात मेथी यायची, मग वांगी, मग चवळी. संक्रांतीला ताट भरून भाजी असायची. ती तिकडं पाचटाच्या कोपीत, उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत, राहायची, चटणी-भाकरी खायची, आणि एप्रिलात परत यायची तेव्हा वाफे मोकळे झालेले असायचे. आपण लावलेल्या हिवाळी माळव्यातलं एक वांगंसुद्धा तिनं लग्नानंतर खाल्लेलं नव्हतं. हे मला ठाऊक होतं. एकदा तरी वांगी वाळवून ठेवावीत, असं माझ्या मनात आलं नाही.

एकदा तिचा फोन आला. धाकटीच्या हातात मोबाईल होता, आवाज मोठा ठेवलेला.

"काय जेवलीस गं?" जावेनं विचारलं.

"वांग्याची भाजी. काकूनं लावलेल्या वांग्याची."

मीच पोरींना तसं सांगितलं होतं. मला वाटलं, आता विचारेल. ती म्हणाली, "बरं. काकूचं ऐकत जा." आणि फोन ठेवला.

अंगणवाडीत लागल्यापासून माझं वजन वाढलं होतं. मी सही करायचे, मीटिंगला जायचे, बायांना समोर बसवून लोह आणि जीवनसत्त्वं समजावून सांगायचे. गावात लोक मला 'बाई' म्हणायला लागले होते. घरात मात्र मी अजून मिरचीचं रोप उपटणारीच होते.

मग ते वर्ष आलं. हंगाम अर्ध्यावर असताना जाऊ एकटीच एसटीनं परत आली. कपड्यांचं गाठोडं आणि एक प्लास्टिकची पिशवी, तीत दवाखान्याचे कागद. तिकडं तिला सारखं अंगावरून जात होतं. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना दोनदा पडली होती. शेवटी कुणीतरी दवाखाना सांगितला आणि तिथं तिची गर्भाची पिशवी काढली. तिशीही उलटली नव्हती. तीन महिने वजन उचलायचं नाही, असं सांगून तिला पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिंतीला धरत धरत मागं गेली. हिवाळ्यातलं माळवं भरात होतं. तिनं एक वांगं तोडलं आणि हातात धरून बराच वेळ बसली. मी न्हाणीतून बघत होते. मला तिची दया यायला हवी होती. माझ्या मनात आलं ते असं, की आता ही बाराही महिने इथंच असणार.

आमच्याकडं पाळीच्या चार दिवसांत बाईनं माळव्यात जायचं नाही, वेल करपतो, अशी समजूत. मी अंगणवाडीत मुलींना हे खोटं आहे म्हणून शिकवायचे आणि घरी येऊन चार दिवस मागच्या दाराकडं फिरकायचे नाही, कारण सासूपुढं माझं काही चालत नव्हतं. जाऊ आल्यावर सासूनं ओसरीत बसून सगळ्यांसमोर सांगितलं, "बरं झालं पिशवी गेली. आता हिला कसला विटाळ न् कसलं काय. माळवं आता हीच बघंल. धाकटे, तू त्यात पाय ठिवू नको."

जाऊ शेंगा निवडत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. घरात त्या दिवशी सगळ्यात वाईट तिच्याविषयी बोललं गेलं होतं, आणि मी मात्र आपलाच अपमान झाला असं धरून बसले.

फेब्रुवारीत आमच्या वरच्या बाई, अंगणवाड्या तपासणाऱ्या, गावात आल्या. एखादी चांगली परसबाग दाखवा, फोटो पाठवायचाय, म्हणाल्या. मी त्यांना आमच्या घरी घेऊन आले. जाऊ वाफ्यात बसून वांग्याचे किडलेले शेंडे खुडत होती. दोडक्याचे नवे वेल कुंपणाकडं निघाले होते.

"वा, किती छान केलंत हो!" बाई मला म्हणाल्या. "कधी वेळ मिळतो तुम्हाला?"

"काढते थोडा थोडा," मी म्हणाले.

जावेनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. बाईंनी मोबाईल धरला. मी वांग्यांची टोपली उचलली, जी जावेनं भरून ठेवली होती, आणि जावेला म्हणाले, "बाई, तुमी जरा तिकडं सरका. फोटोत येताय."

ती उठली. पोटाला हात लावून, हळूहळू उठावं लागायचं तिला. सावलीला जाऊन उभी राहिली आणि फोटो काढून होईपर्यंत तिथंच होती. तो फोटो नंतर आमच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. कितीतरी जणींनी मला अंगठे पाठवले.

मार्च लागला आणि पाण्याचे हाल सुरू झाले. नळ आटला. शाळेजवळच्या बोअरवरून हंडे आणावे लागायचे. घरापुरतं पाणी मीच आणत होते. वेलांना फुलं यायला लागली होती आणि न्हाणीचं पाणी पुरत नव्हतं, कारण आम्हीही आता तांब्याभरात अंघोळ उरकत होतो.

"रोज दोन हंडे जास्तीचे आणतीस का?" जावेनं मला विचारलं. "दहा-पंधरा दिवसांचा सवाल हाय. एकदा दोडका धरला की मग कमी लागतंय."

"मला जमणार नाही. अंगणवाडी हाय, सैपाक हाय. ज्याचं माळवं त्यानं पाणी घालावं."

"मला उचलायचं न्हाई म्हणलंय ना डाक्टरनं."

"मग मी काय करू?"

ती दुसऱ्या दिवसापासून स्वतः जायला लागली. आधी कळशी घेऊन, मग हंडा. मी अंगणवाडीच्या खिडकीतून तिला जाताना बघायचे. समोर मुलं 'चांदोमामा' म्हणत असायची. ती हंडा कमरेवर घ्यायची, चार पावलं टाकायची, उभी राहायची. आठ-नऊ दिवस असं चाललं. एका सकाळी बोअरपाशी आरडाओरडा झाला. मी गेले तर ती चिखलात आडवी पडली होती, हंडा बाजूला लवंडला होता, आणि तोंड पांढरंफटक. बायांनी तिला उचललं. एक बाई माझ्याकडं बघून म्हणाली, "घरात तू असताना ह्या बाईला पाण्याला कावून पाठवलं गं?"

मी म्हणाले, "मी नको म्हणलं व्हतं. ऐकतच न्हाईत त्या."

बीडच्या दवाखान्यात सांगितलं, आतला टाका ढिला झालाय. पोटाला पट्टा दिला. पुन्हा वजन उचललं तर पुन्हा पोट फाडावं लागेल, म्हणाले. ती घरी आली आणि मागच्या दारात पोतं टाकून बसायला लागली. तिथून माळवं दिसायचं. हातातल्या काडीनं ती पोरींना सांगायची, ते पान काढ, ती कळी राहू दे. आणि गंमत अशी की एवढं होऊनही माळवं वाढत राहिलं. धुण्याच्या पाण्यावर, भांड्यांच्या पाण्यावर दोडक्यानं कुंपण भरून टाकलं. एप्रिलच्या सुरुवातीला घरात रोज भाजी निघत होती. एक दोडका तिनं बियासाठी राखून वेलावर सोडला, लाल चिंधी बांधून. तो तिच्या आईच्या घरचा वाण होता. लग्नात बी आणलेलं, आणि दरवर्षी तेच बी ती पुढं धरत आली होती.

अशात एक दिवस अंगणवाडीतल्या चार-पाच आया माझ्याकडं पोषणाची वही बघायला आल्या. सासू ओसरीवर बसलेली. कुणीतरी तिला म्हणालं, "आत्या, तुमच्या धाकटीचं माळवं लई झकास हाय. फोटो बघितला आमी."

सासू तंबाखू चोळत हसली. "फोटू हिचा. माळवं थोरलीचं. हिच्या हातानं नुसतं गवत येतंय."

बाया हसल्या. आधी चोरून, मग मोठ्यानं. मीही हसले, कारण दुसरं काय करणार? त्या गेल्यावर मी न्हाणीत गेले. नालीच्या तोंडाशी एक चपटा दगड होता. तो उचलून मी माळव्याकडची वाट बंद केली, फटीत चिंध्या आणि चिखल कोंबला, आणि खुरप्यानं उकरून पाणी रस्त्याच्या गटाराकडं वळवलं. पाव तासाचंही काम नव्हतं.

जावेला तिसऱ्या दिवशी कळलं. वेलाची पानं दुपारी माना टाकतात ती संध्याकाळी उठेनाशी झाली होती. ती भिंत धरून न्हाणीपर्यंत आली. मी कपडे धूत होते.

"पाणी कावून वळवलं?"

"डास लई झालेत. पोरींना ताप यायचा."

"डास तर गटारावरबी व्हतीलच की."

मी कपडा आपटत राहिले. दगड तिच्यासमोर होता. तिला वाकता येत नव्हतं, उचलणं तर दूरच. सासू आतून ऐकत होती. तीही बाहेर आली नाही. दोघींत लागलं की तिला बरं वाटायचं, हे मला नंतर कळलं.

जावेनं एकदा दगडाकडं पाहिलं. मग म्हणाली, "बाकी जाऊ दे. बियाचा तेवढा दोडका राहू दी. त्याला तांब्याभर पाणी घालत जा. पंधरा दिवसांत वाळंल."

"बघते," मी म्हणाले.

पाच दिवसांत पानं करपली. चवळी आधी गेली, मग वांगी, मग मिरच्या. कुंपणावर वाळल्या वेलाची जाळी राहिली आणि तिच्यात चिंधी बांधलेला तो एक दोडका. हिरवट, जून झालेला. जाऊ दारात बसून त्याच्याकडं बघायची. आठव्या दिवशी तिला तपासायला बीडला नेलं होतं. मी मागं गेले, चिंधी सोडली, दोडका तोडला आणि संध्याकाळी त्याची भाजी केली.

ती शिजेना. आत जाळी धरलेली, बी कोवळं, पोकळ. सासूनं पहिला घास थुंकून टाकला. "हे काय घातलंस ताटात?" पोरी खाली बघत भाकरी नुसती खात होत्या. जाऊ नुकतीच आलेली, थकलेली. तिनं ताटाकडं पाहिलं आणि तिला कळलं. तिनं तो चोथा तोंडात घातला, चावला, बराच वेळ चावला आणि गिळला. सगळी भाजी तिनं तशीच संपवली. मी तिला अजून वाढू का, असंही विचारलं. आज ते आठवलं की माझं मलाच खरं वाटत नाही, पण मी विचारलं होतं, आणि तिनं ताट पुढं केलं होतं.

त्या पावसाळ्यात तिनं काही लावलं नाही. दिवाळीनंतर पोटाला पट्टा बांधून ती परत ऊस तोडायला गेली. कोयत्याला जोडी लागत होती. अजून दोन हंगाम गेली, पोरी माझ्याकडं ठेवून. मग ते वेगळे झाले. मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर दिरांना भट्टीचं काम लागलं आणि ती तिथं भाकऱ्या थापायला लागली. पोरींनाही तिकडंच नेलं.

मी बाजारातून बियांच्या पुड्या आणल्या, नाली परत मोकळी केली आणि माळवं केलं. सांगायला लाज वाटते, पण ते चांगलं आलं. कुणाचा शाप लागला नाही. मला आता मावा ओळखता येतो, पाणी किती घालायचं ते कळतं. सासूनं मरेपर्यंत तोंडानं चांगलं म्हटलं नाही, पण खाल्लं रोज.

सासूच्या वर्षश्राद्धाला जाऊ आली. केस पिकलेले, हातावर चटक्यांचे डाग. पानं उठल्यावर आम्ही दोघीच मागच्या दारात बसलो. मला राहवलं नाही.

"बाई, ते पाणी मी मुद्दाम वळवलं व्हतं. डासाचं खोटं व्हतं."

"ठाव हाय की."

"दोडकाबी मीच…"

"तेबी ठाव हाय."

"मग तुमी काही बोलला कावून न्हाईत?"

ती माझ्याकडं वळली. आवाज चढवला नाही. "दिवाळीनंतर माझ्या पोरी तुझ्याच हातात द्यायच्या व्हत्या. तू माळव्याचं पाणी तोडलंस. मी भांडले असते आन् त्या रागानं तू पोरींचं खाणंपिणं तोडलं असतंस तर मी तिकडून काय करणार व्हते?"

मी म्हणाले, "तसं मी कधी केलं नसतं."

"ते मला कुठं ठाव व्हतं," ती म्हणाली.

चारच्या गाडीनं ती निघाली. मी पिशवीत वांगी भरली, वरून शेपूची जुडी ठेवली आणि तिच्यासोबत फाट्यापर्यंत गेले. वाटेत पोरींचं विचारलं, तिनं सांगितलं. मोठीचं लग्न ठरत होतं. मला बोलावणार का, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. टपरीपुढच्या बाकड्यावर बसलो. तिनं पिशवी शेजारी ठेवली. गाडी आली, ती उठली आणि चढली. पिशवी बाकड्यावरच होती.

"बाई, पिशवी राहिली!" मी ओरडले.

ती खिडकीपाशी बसली होती. तिनं ऐकलं. माझ्याकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं, आणि तिकीट काढायला कंडक्टरकडं वळली. गाडी गेली.

मी पिशवी घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी त्या वांग्यांची भाजी केली. नवऱ्याला आवडली.